रेडटेल आणि चार फुटांची काच

रेडटेल कॅटफिश दुकानात येतो तेव्हा बोटभर असतो. काळपट पाठ, पांढरा पट्टा, लालबुंद शेपटी, लांब मिशा. ॲमेझॉन, ओरिनोको आणि एसेक्विबो या नद्यांच्या खोऱ्यांतला हा मासा तिथे सव्वा मीटरहून लांब आणि 50 किलोंहून जड होऊ शकतो. पिल्लू घेताना मला हे माहीत होतं, मी वाचलं होतं. ‘कल्पना नव्हती’ असं म्हणायची सोय मला नाही.

दुकानदार म्हणाला, “टँकएवढाच वाढतो हो ताई, काळजी नको.” मला ते पिल्लू हवंच होतं, म्हणून ते मला पटलं. मासा भांड्याच्या मापाने वाढतो हा समज पुण्या-मुंबईच्या निम्म्या दुकानांत ऐकू येतो. खरं तर लहान टँकमध्ये साठत जाणारी घाण आणि वळायला न मिळणारी जागा यांमुळे त्याची वाढ खुंटते, आणि ते खुंटणं हा आजार असतो. माझा टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी जेमतेम 250 लिटर. वर्ष सरता सरता मासा फूटभर झाला. पुढे दीड फुटांच्या रुंदीत वळताना त्याला अंग वाकवावं लागे. नाक काचेवर घासून सोललं. मणक्यात हलका बाक आला, तो आजही आहे. मोठा टँक मी ‘दिवाळीनंतर’ घेणार होते. दिवाळी आली, गेली.

त्याला चिकनचे तुकडे रोज घालायचे, हा माझा दुसरा गुन्हा. पाहुणे आले की मुद्दाम दाखवायचे: टँकवर सावली पडली की तो वर येई, तोंड उघडे, तुकडा ओढून घेई. बघणाऱ्यांना मजा वाटे, मला अभिमान. कोंबडीची चरबी माशाला नीट पचत नाही, ती यकृतात साठते. मोठ्या झालेल्या रेडटेलला आठवड्यातून दोन-तीनदा कोळंबी, मासळीचे तुकडे किंवा बुडणारे पेलेट्स पुरतात. जास्त खाणं म्हणजे जास्त विष्ठा, आणि तेवढा जास्त अमोनिया. सोबतचे सिल्व्हर डॉलर मासे एकेक करून रात्रीत नाहीसे झाले. जे तोंडात मावेल ते त्याचं अन्न, हा या माशाचा स्वभाव. तो खडेही गिळतो. काचेचा हीटर त्याच्या शेपटीच्या फटक्याने फुटला, तेव्हा कुठे मी हीटरला जाळी लावली.

सगळ्यात वाईट दिवस उन्हाळ्यात आला. दुपारपासून वीज नव्हती. घरात इन्व्हर्टर होता, पण टँकची जोडणी त्यावर घेतलेली नव्हती. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू असतात, आणि त्यांना प्राणवायू लागतो. पाणी थांबलं की ते मरू लागतात. रात्री वीज आली तशी मी फिल्टर तसाच सुरू केला आणि आतलं सडकं पाणी टँकमध्ये उलटलं. आधी डबा धुवायला हवा होता. सकाळी मासा तळाशी धापा टाकत होता, कल्ले लाल झाले होते. पाणी बदलायचं सोडून घाबरून मी तांब्याचं औषध ओतलं, तेही पूर्ण मात्रेत. कॅटफिशच्या अंगावर खवले नसतात, त्यामुळे अशी औषधं त्याला चटकन बाधतात. एका अनुभवी मासेपालकाने फोनवर सांगितलं, तेव्हा क्लोरिन काढलेल्या पाण्याने निम्मा टँक बदलला. मासा वाचला, त्यात माझं श्रेय काही नाही.

मग मी सहा फुटी टँकची चौकशी केली. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे सुमारे 680 लिटर. काच आणि स्टँड धरून 800 किलोंच्या घरात. सोसायटीतल्या एका इंजिनिअर काकांनी हिशेब मांडला: राहत्या घराची स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो भार धरून आखतात आणि हा टँक 700 किलोंच्या पुढे जातो. तुळईवर, भिंतीलगत ठेवला तर विचार करता येईल, असं ते म्हणाले. पण दोन फूट रुंदीचा टँक तरी या माशाला किती दिवस पुरणार? त्याला हवा होता हौद, आणि तिसऱ्या मजल्यावर हौद होत नाही.

दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. ओळखीतल्या दोघा-तिघांनी “धरणात सोड की” म्हटलं. एका संध्याकाळी तो विचार माझ्याही मनात आला, हे लपवणार नाही. 2018 च्या पुरानंतर केरळच्या नद्यांत ॲमेझॉनचा अरापायमा जाळ्यात सापडला. तोही पाळण्यासाठीच आणलेला मासा. 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला ॲलिगेटर गार मिळाला. आपल्या नद्यांतला शिवडा मासा आधीच कमी होत चाललाय. त्यात मी आणखी एक भुकेला शिकारी कशी सोडणार?

शेवटी शिरूरकडे मत्स्यबीज करणाऱ्या एका ओळखीच्या दादांनी रिकामा सिमेंटचा हौद दिला. ओढ्यापासून दूर, वर जाळी असलेला. हिवाळ्यात पाणी गार पडतं म्हणून हीटर मी बसवून दिले, खाण्याचे पैसे दरमहा पाठवते. दादा पैसे नको म्हणतात, पण हा मासा 15 वर्षांहून जास्त जगू शकतो आणि तो त्यांनी मागून आणलेला नाही.