दाराआडचे कपाट

आमच्या स्वयंपाकघरात दाराची चौकट आणि बाजूची भिंत यांत अंतर सव्वा फूट, ओटा मात्र दोन फूट रुंद. ओट्याखालची कपाटे तशीच दारापर्यंत नेली, तर दार अर्धेच उघडणार. 'अर्धे चालते,' सुतार म्हणाला. आम्हाला पटले नाही. गॅस गळला तर बाहेर पडायची वाट तीच.

म्हणून दाराच्या रुंदीएवढे, अडीच फूट लांबीचे कपाट एकच फूट खोल केले. उरलेल्या तीन इंचांत दाराची मूठ मावते. भिंत वर, मध्ये, खाली मापून सर्वांत लहान माप धरले. जुनी भिंत ओळंब्यात नसते. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी ठेवली, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो.

फूटभर खोलीत मोठी पातेली मावत नाहीत, पुस्तके मावतात. सासूबाईंना तिथे पितळेचे डबे हवे होते. शेवटी डबे खाली गेले, वरचे दोन कप्पे मुलीच्या पुस्तकांना मिळाले. बाबासाहेब परळच्या डबक चाळीत एका खोलीत शिकले. आपल्या घरात भांड्यांसारखीच पुस्तकांचीही जागा आधी मापून ठेवावी, बंधू-भगिनींनो!