कॅसेटवरचा शिलालेख : ‘रॉक मशीन’ आणि १९८८चा अल्बम

१/ अजिंठ्याच्या १६व्या लेण्याच्या ओसरीत, बाहेरच्या भिंतीवर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने हे लेणे करविले, असे त्यावरून कळते. पंधरा शतके उलटली, तरी दात्याचे नाव उरले. आतल्या भिंती रंगविणाऱ्या चित्रकारांची नावे मात्र काळाने पुसून टाकली.

२/ जे घडले ते सारेच इतिहासात येत नाही. ज्याची नोंद राहिली तेवढेच येते. लेण्यांना लागू असलेला हा नियम संगीतालाही लागू आहे. तो किती कठोर आहे, हे पाहण्यासाठी फार मागे जाण्याचे कारण नाही. मुंबईतल्या ‘रॉक मशीन’ या बँडची अवघ्या चार दशकांपूर्वीची कथा पुरेशी आहे.

३/ भारतात रॉक संगीत १९८०च्या दशकात अवतरले, हा समज चुकीचा आहे. १९६०च्या दशकातच मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांत गिटार घेतलेली तरुण मंडळी हॉटेलांत आणि महाविद्यालयांत वाजवीत होती. ‘सिमला’ या सिगारेटच्या नावाने देशभरातील बँडची स्पर्धा भरे. तिच्यातील निवडक बँडच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका १९७० आणि १९७१ मध्ये निघाल्या.

४/ आज त्या बँडविषयी जे काही ठामपणे सांगता येते, त्याचा मोठा आधार या दोन तबकड्याच आहेत. मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ची गोष्टही तशीच. त्यांचा ‘ऑब्सेशन ’७७’ हा अल्बम अनेक दशकांनी परदेशी संग्राहकांच्या हाती लागला, पुन्हा प्रकाशित झाला आणि विस्मृतीत गेलेल्या बँडला नवे श्रोते मिळाले. ज्यांची तबकडी निघाली नाही, ते केवळ आठवणींत राहिले. आणि आठवणी माणसांबरोबर जातात.

५/ तबकडी निघत का नव्हती? पहिले कारण बाजाराचे. ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय दीर्घकाळ मोजक्या कंपन्यांच्या हाती होता आणि त्याचा कणा होता हिंदी चित्रपटसंगीत. इंग्रजीत गाणारा भारतीय बँड हा त्यांच्या हिशेबात न बसणारा माल होता. ज्याला इंग्रजी गाणी हवीत, तो मूळ परदेशी तबकडी घेईल; देशी बँडची का घेईल?

६/ दुसरे कारण बँडच्या आतले होते. श्रोत्यांना परिचित परदेशी गाणी हवी असत. बीटल्स वा डीप पर्पल यांचे गाणे हुबेहूब वाजविणे, हीच कौशल्याची कसोटी मानली जाई. स्वतःचे गाणे सुरू झाले की सभागृहात चुळबुळ होई. अनुकरणाला टाळ्या आणि निर्मितीला शांतता, अशा वातावरणात अल्बमभर स्वतःची गाणी रचण्याचे धाडस कोण करणार?

७/ १९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ची स्थापना झाली. आरंभी हा बँडही परदेशी गाणीच वाजवीत असे. सदस्य येत-जात राहिले. पुढे स्थिरावलेल्या संचात उदय बेनेगल (गायन), महेश तिनईकर आणि जयेश गांधी (गिटार), मार्क सेल्विन (बास), झुबिन बालापोरिया (कीबोर्ड) आणि मार्क मेनेझिस (ड्रम) होते. नुसती आडनावे वाचली तरी जुन्या मुंबईचा नकाशा उलगडतो.

८/ १९८६ मध्ये मुंबईत फरहाद वाडिया यांच्या पुढाकाराने ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला. धोबी तलावजवळचे रंगभवन हे त्याचे माहेरघर. खुल्या आकाशाखाली हजारोंचा जमाव जमे. ‘रॉक मशीन’ त्या मंचाचा लाडका बँड झाला.

९/ परंतु रंगभवनातील ध्वनी रंगभवनातच विरत असे. त्या काळी औरंगाबादला येणारा लोहमार्ग मीटरगेज होता; मुंबईला जायचे तर मनमाडला गाडी बदलावी लागे. मराठवाड्यातल्या एखाद्या गिटारवेड्या विद्यार्थ्यासाठी धोबी तलाव दूरच होता. मैफल त्याच्यापर्यंत जाऊ शकत नव्हती. कॅसेट जाऊ शकत होती.

१०/ १९८०च्या दशकातील खरी क्रांती हीच. तबकडीला महाग यंत्र लागे, तर कॅसेट स्वस्त होती, खिशात मावत होती आणि घरच्या घरी तिची नक्कलही करता येत होती. नकलेने कंपन्यांचे नुकसान झाले हे खरे. पण ज्या गावात दुकान नव्हते, तिथे संगीत पोहोचले ते बरेचदा या हातोहात फिरणाऱ्या नकलांमुळेच.

११/ स्टुडिओ अल्बम म्हणजे मैफलीचे मुद्रण नव्हे. त्या काळच्या मल्टिट्रॅक टेपवर प्रत्येक वाद्याला स्वतंत्र पट्टा मिळे. साधारणतः आधी ड्रम आणि बास पक्के करायचे, त्यांवर गिटार आणि कीबोर्ड चढवायचे, मग गायन. शेवटी सारे पट्टे तोलून एकत्र करायचे, हे मिश्रण. त्यातून मास्टर टेप सिद्ध होई आणि तिच्यावरून हजारो कॅसेटी भरल्या जात.

१२/ मैफलीत चुकलेला ठोका गर्दीच्या आरोळीत बुडून जातो. स्टुडिओत तो कायमचा नोंदला जातो. शिवाय मुंबईचे स्टुडिओ प्रामुख्याने चित्रपटांसाठी चालत आणि त्यांचा वेळ पाळीच्या हिशेबाने विकला जाई. घड्याळ चालू असताना प्रयोग करणे तरुण बँडला परवडण्याजोगे नव्हते. तालीम बाहेर, मुद्रण आत, हाच मार्ग.

१३/ सर्वांत अवघड प्रश्न मात्र पैशाचा नव्हता. परदेशी गाणे वाजविताना ते कसे वाजले पाहिजे, याचा नमुना समोर असतो. स्वतःच्या गाण्याला नमुना नसतो. गिटारचा आवाज किती खरखरीत ठेवावा, ड्रम किती पुढे आणावेत, शब्द किती स्पष्ट ऐकू यावेत, हे सारे प्रथमच आणि स्वतःच ठरवावे लागते. हुबेहूब वाजविणारा बँड आणि स्वतःची गाणी असणारा बँड यांच्यातील सीमारेषा इथे आहे.

१४/ १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा अल्बम आला. स्वतः रचलेल्या इंग्रजी रॉक गाण्यांचे भारतीय बँडने काढलेले जे आरंभीचे अल्बम, त्यांत त्याची गणना होते. ध्वनी अजून पाश्चात्त्य हार्ड रॉकच्या छायेत होता. तरीही गाणी स्वतःची होती आणि कॅसेटच्या वेष्टनावर नावेही स्वतःची होती. १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा अल्बम निघाला.

१५/ १९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या आणि एमटीव्ही थेट घरात शिरला. १९९३ मध्ये बँडने नाव बदलले. ‘रॉक मशीन’चा ‘इंडस क्रीड’ झाला. यंत्र मागे पडून सिंधू नदी नावात आली. संगीतातही भारतीय छटांना जागा मिळू लागली. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्ही एशियाचा प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

१६/ त्याच १९९३ मध्ये अलाहाबादहून अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक सुरू केले. मुंबई-दिल्लीहून नव्हे, अलाहाबादहून! रॉकचा श्रोता महानगरांपुरता नाही, याचा हा लेखी पुरावा. संगीताला आता वृत्तांत लिहिणारा बखरकारही लाभला होता.

१७/ १९९५ मध्ये ‘इंडस क्रीड’ याच नावाचा अल्बम आला. बँडची सारी वाटचाल जणू या क्षणाकडे चालली होती. पण त्याच वर्षी अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ने देश गाजविला आणि बाजाराचा कौल स्पष्ट झाला. चित्रपटाबाहेरचे संगीत खपू शकते, परंतु हिंदीत. संगीत वाहिन्याही हिंदीकडे वळल्या. १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला.

१८/ हा पराभव होता का? विक्रीच्या आकड्यांत, कदाचित. तथापि २००० मध्ये दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चा ‘कंदिसा’ आला, पुढे गावोगावचे बँड स्वतःची गाणी रचू लागले, आणि ‘तुमचे स्वतःचे काय आहे?’ हा प्रश्न स्वाभाविक झाला. १९८०च्या दशकात हा प्रश्न विचारणारेच विरळा होते. तो रुजविण्यात त्या अल्बमांचा वाटा मोठा आहे.

१९/ २०१० मध्ये बँड पुन्हा एकत्र आला. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम प्रसिद्ध झाला; मिश्रण केले टिम पामर यांनी, ज्यांनी पूर्वी ‘पर्ल जॅम’च्या ‘टेन’चे केले होते. दरम्यान शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातील रॉकचा गजर थांबला होता. मंच गेला, जमाव पांगला, मुद्रण मात्र राहिले.

२०/ पण मुद्रणही अमर नाही. दगडावरचा लेख पंधरा शतके टिकतो. कॅसेटची चुंबकीय फीत दमट हवेत काही दशकांतच खराब होऊ लागते. बुरशी येते, फीत चिकटते, आवाज मंदावतो. १९८० आणि १९९०च्या दशकांतील असंख्य लहान बँडच्या फिती आज जुन्या कपाटांत याच अवस्थेत असतील, आणि त्यांतील अनेकींची दुसरी प्रत कुठेही नसेल.

२१/ म्हणून घरातल्या जुन्या कॅसेटी भंगारात देण्यापूर्वी आतली घडीची चिठ्ठी उघडून वाचावी. गीतकार, वादक, स्टुडिओ, ध्वनिमुद्रक, वर्ष : जे छापले असेल ते टिपून ठेवावे, छायाचित्र घ्यावे, फीत वाजत असेल तर तिची डिजिटल प्रत करावी. अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे आता मिळणार नाहीत. या वादकांची अजून मिळू शकतात.