डबल बेल कोणी द्यायची?

सॅन फ्रान्सिस्कोत मुलाकडे आलो आणि सुनेने फोनवरून वेमो कंपनीची बिनड्रायव्हरची टॅक्सी बोलावली. जून 2024 पासून इथे ती कोणालाही बोलावता येते. पांढरी जॅग्वार आली. टपावर काळा घुमट, त्यावर सुनेच्या नावाची आद्याक्षरं. स्टिअरिंग होतं, ड्रायव्हरची सीट होती, माणूस नव्हता. माझी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. गाडीत चढताना आधी ड्रायव्हरकडे पाहायची सवय; इथे कुणाकडे पाहायचं तेच कळेना.

आत बसलो. पट्टे लावा, असं सांगणारा आवाज आला. गाडी मात्र हलेना.

"बाबा, स्क्रीनवरचं बटण तुम्ही दाबा," सून म्हणाली.

दाबलं, आणि गाडी निघाली. म्हणजे गाडी सोडायची डबल बेल माझ्याच हातात! दारं लागली, माणसं नीट बसली, ही खात्री प्रवाशाने द्यायची आणि मगच गाडीने निघायचं. हे ज्याने कोणी ठरवलं त्याला प्रवासी कळतो. तेव्हा कुठे जरा हायसं वाटलं.

समोरच्या स्क्रीनवर आजूबाजूच्या गाड्या, सायकली, चालणारी माणसं आकृत्यांसारखी सरकत होती. एक बाई बाबागाडी ढकलत फुटपाथच्या कडेला आली. माझं लक्ष जायच्या आत ती स्क्रीनवर उमटली होती. गाडीला काही या चित्राची गरज नाही. 'मला ती बाई दिसली आहे' हे मला कळावं म्हणून ते दाखवलेलं. स्टिअरिंग आपोआप गरकन वळलं की मात्र पोटात गोळा येतच होता.

पुढे एका क्रॉसिंगवर गाडी थांबली. काठी टेकत एक वाकलेले आजोबा उभे होते. त्यांनी रिकाम्या सीटकडे पाहिलं, हात वर केला, पुन्हा पाहिलं. गाडी जागची हलली नाही, तरी त्यांचं पाऊल उचलेना. ड्रायव्हर मान हलवतो, हाताने 'जा' म्हणतो, त्या भरवशावर माणूस रस्ता ओलांडतो. आम्हाला आत बटण होतं, स्क्रीन होती. त्यांना काय होतं?

मुलाने सांगितलं, पादचाऱ्याला वाट दिली की टपावरच्या घुमटावर तशी खूण उमटते. चांगलंच आहे. पण नुसतं वाट देऊन भागत नाही, माणूस कसा वागतो तेही गाडीला शिकवावं लागतं. मार्च 2018 मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी इथे उबरच्या चाचणीतल्या गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईचा जीव घेतला. आत देखरेखीला माणूस होता, त्याचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. आणि चौकशीत निघालं की क्रॉसिंग सोडून भलतीकडे रस्ता ओलांडणारी माणसं त्या यंत्रणेत धरलेलीच नव्हती! हे वाचून मी सुन्न झालो. आमच्या एसटीने तर 'हात दाखवा, गाडी थांबवा' अशी योजनाच काढली होती. माणूस वाटेल तिथून रस्त्यावर येणार, हे धरूनच आमचे ड्रायव्हर गाडी हाकायचे.

त्या आजोबांसारखं वाकून चालणाऱ्याची नजर टपावरच्या खुणेपर्यंत जात नाही. अशा गाड्या बनवणाऱ्यांनी ती खूण खाली, बॉनेटच्या उंचीवरही द्यावी, असं मला फार वाटतं. मुलाला तसं इंग्रजीत लिहून द्यायला सांगितलं आहे.