शिवणींतील माया

गेल्या मार्गशीर्षांत पुतणीच्या लग्नासाठीं आम्ही आपला बंद गळ्याचा काळा कोट पेटींतून काढिला. १९९४ सालीं शिवविलेला. शाळेंतील प्रत्येक समारंभास तोच आमच्या अंगावर असे. वरचीं दोन बटणें लागलीं, पोटावरचीं लागेनात. श्वास कोंडून तींही लाविलीं, तों आरशांत गोणींत कोंबलेला कोहळा दिसूं लागला.

साठीनंतर स्नायू झडतात, कंबरेभोंवतीं मेद सांचतो, मणक्यांमधील चकत्या झिजून उंचीही थोडी घटते, हें आम्हांस वाचून ठाऊक होतें. तरी दोष दिला तो कोटालाच!

आमची सहधर्मिणी मात्र हंसली नाहीं. वास्तविक तिला तो अधिकार होता. धाकट्याच्या जन्मानंतर तिचीं पोलकीं दंडांत रुतूं लागलीं, तेव्हां आम्ही चारचौघांत तिची थट्टा केली होती. आणि ती वर्षभर तींच घट्ट पोलकीं मुकाट्यानें घालीत राहिली.

तिनें कोट शिंप्याकडे नेला. मागोमाग आम्हीही गेलों. अस्तर उसवून तो म्हणाला, "काळजी नको, मास्तर. दोहों बाजूंस दीड-दीड बोट माया आहे." शिवणींत दुमडून राखलेल्या जादा कापडाचें हें नांव. आम्ही जन्मभर त्या शब्दाचा वेदांती अर्थच तेवढा सांगत आलों!

लग्नांत आम्ही यथेच्छ जेवलों. बगलेखालीं न विटलेल्या कापडाची गडद पट्टी उघड दिसत होती. ती झांकावीशी वाटली नाहीं. परत आल्यावर तिचीं चार पोलकीं घेऊन आम्हीच शिंप्याकडे गेलों.