आधी त्यालाच विचारा

आमच्या तिशीतल्या भाच्याचा डावा पाय पोलिओने अधू आहे. त्याला घेऊन आम्ही व्यायामशाळेत गेलो. ट्रेनरने आम्हालाच विचारले, "याला काय काय जमेल?" आणि आधार म्हणून त्याचा दंड धरला. भाचा शांतपणे म्हणाला, "सर, मला विचारा. हात लावण्याआधी सांगा. कुबडी माझ्याजवळच राहू द्या."

आम्ही खजील झालो. उत्तर द्यायला आमचेही तोंड उघडले होतेच.

१९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवणारे मुरलीकांत पेटकर महाराष्ट्राचेच. काय जमते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते.

बंधू-भगिनींनो, मदत जरूर करा. पण आधी विचारा आणि नकार आला तर तो माना. दया नको, बरोबरीची वागणूक हवी.