मुठीत झाकलेले नाव

जपानी कट्यारीला ‘तांतो’ म्हणतात. तिचे पाते एका शाकूहून, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटरहून, आखूड असते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून शस्त्रांकडे मी सत्तेची साधने म्हणूनच पाहत आलो. तांतोने मात्र मला तिच्या कारागिराकडे पाहायला लावले.

लोहयुक्त वाळूपासून भट्टीत काढलेले पोलाद तो पुनःपुन्हा दुमडून ठोकतो. पाते आकाराला आले की त्यावर मातीचा लेप देतो. पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. तापवून पाण्यात बुडवताच धार झटकन निवून कठीण होते, पाठ सावकाश निवून चिवट राहते. दोहोंच्या सीमेवर दुधाळ रेषा उमटते, ती ‘हामोन’. कामाकुरा काळातील शिंतोगो कुनिमित्सु आणि आवातागुची योशिमित्सु यांची रेषा सरळ, संयत. जाणकार अशा खुणांवरून घडवणारा ओळखतात. कारागीर स्वतःचे नाव कोरतो ते मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर. तेथील गंज मुद्दाम पुसत नाहीत, कारण पात्याचे वय त्यावरूनच ताडता येते. आपल्या लेण्यांत दात्यांची नावे मुबलक आढळतात, छिन्नी चालवणाऱ्यांची क्वचितच; म्हणून ते झाकलेले नाव मला मोलाचे वाटते.

काही पात्यांवर सिद्धम् लिपीतील बीजाक्षरे असतात. ब्राह्मीच्या कुळातील ही लिपी बौद्ध भिक्खूंबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचली. वर्गात हे सांगताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, धम्माच्या अक्षरांचे कट्यारीवर काय काम?” अचल या देवतेची तलवार अज्ञान छेदते, असे तिकडचा तांत्रिक पंथ सांगतो. मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही.

मी त्याला १५८८ सालचे फर्मान सांगितले. तोयोतोमी हिदेयोशीने शेतकऱ्यांकडील तलवारी, आखूड शस्त्रे, भाले, बंदुका जप्त केल्या. त्या लोखंडाचे खिळे क्योतोतील महाबुद्धाच्या मूर्तीला लागतील आणि देणाऱ्यांचे परलोकीही कल्याण होईल, असे त्यात म्हटले होते. खरा हेतू बंड रोखण्याचा होता. चातुर्वर्ण्याने शस्त्र नाकारल्यामुळे खालचे वर्ग बंड करू शकले नाहीत, हा बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलेला मुद्दा येथे आठवल्यावाचून राहत नाही. ती मूर्ती १५९६ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली. योद्धा आणि शेतकरी यांच्यातील भिंत मात्र पुढे अडीच शतकांहून अधिक काळ उभी राहिली.

१८७६ मध्ये सामुराईंनाही तलवार बाळगून फिरण्यास बंदी झाली. अनेक लोहारांचा धंदा बसला. काहींनी स्वयंपाकघरातील सुऱ्या घडवायला घेतल्या. तिकडच्या चांगल्या सुरीवर आजही घडवणाऱ्याचे नाव कोरलेले असते, आणि ते उघड्या पात्यावर.