ठोक्याला किती वेळ द्यायचा

ड्रम्स आणि ढोलकी रेकॉर्ड करणाऱ्या माणसाला कॉम्प्रेसरचा प्रश्न कधी ना कधी पडतोच. गाणाऱ्याचा आवाज फेडर वर-खाली करून हातानं सांभाळता येतो. ड्रमचा ठोका मात्र हात पोचायच्या आत होऊन गेलेला असतो. धायरीतल्या एका गाळ्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. आठ माइकांचा इंटरफेस, रीपर हे सॉफ्टवेअर आणि भिंतींना लावलेले रॉकवूलचे पॅनल, एवढंच भांडवल. पुण्यातले तरुण बँड तिथे ड्रम्स वाजवायला येतात आणि लावणीच्या कार्यक्रमांसाठी ढोलकी-हलगीचंही रेकॉर्डिंग होतं. या सगळ्यांसाठी एक चांगला कॉम्प्रेसर घ्यायचं मी ठरवलं, पण वीस-पंचवीस हजारांच्या वर जायचं नाही, असं ठरवूनच.

कॉम्प्रेसरचं काम सांगायला सोपं आहे. एक पातळी ठरवायची, तिला थ्रेशोल्ड म्हणतात. आवाज त्या पातळीच्या वर गेला की यंत्र त्याला आवरतं. रेशो ४:१ असेल तर पातळीच्या ८ डेसिबल वर गेलेला आवाज फक्त २ डेसिबल वर राहतो. या दोन बटणांवर बोलणारे पुष्कळ भेटतात. ड्रम्सचा निकाल मात्र पुढच्या दोन बटणांवर लागतो: आवरायला किती वेळात सुरुवात करायची तो अटॅक, आणि सोडून द्यायला किती वेळ घ्यायचा तो रिलीज.

नावाजलेली यंत्रं माझ्या पैशांत बसणारी नव्हती, पण त्यांचा अभ्यास करायला पैसे पडत नाहीत. बिल पुटनम यांचं ११७६ हे १९६० च्या दशकातलं यंत्र. त्याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे सगळ्यात सावकाश ठेवला तरी एका मिलिसेकंदाच्या आत. एलए-२ए मध्ये प्रकाश आणि प्रकाशाला संवेदनशील घटक वापरून आवाज आवरतात. त्याची निम्मी सुटका सुमारे ६० मिलिसेकंदांत होते, उरलेली व्हायला अर्ध्या सेकंदापासून कित्येक सेकंद लागू शकतात. गायकाच्या लांब स्वराला हे फार शोभतं. द्रुत ठेक्यात मात्र यंत्र पुरतं सुटण्याआधीच पुढची थाप येऊन पडते. डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्स १६० वर तर अटॅक-रिलीजची बटणंच नाहीत. येणारा आवाज पाहून यंत्र वेळ स्वतः ठरवतं, आणि किक-स्नेअरवर त्याचं नाव आजही आदरानं घेतात. तिन्ही यंत्रं मोठी, आणि तिन्हींचा स्वभाव त्यांच्या वेळेच्या हिशोबातून आलेला. तेव्हाच मला माझी कसोटी सापडली. स्वस्तात घ्यायचं यंत्र कुणासारखं ‘उबदार’ वाजतं, हे मी बघणार नव्हते. त्याच्या वेळेवर माझा किती ताबा चालतो आणि तो किती खरा आहे, एवढंच बघणार होते.

शेवटच्या फेरीत तिघे उरले. पहिला, एका दुकानात विकायला आलेला जुना दोन चॅनलचा रॅक कॉम्प्रेसर, किंमत अगदी किरकोळ. दुसरा, टेक्सासमधल्या एफएमआर ऑडिओ या छोट्या कंपनीचा आरएनसी १७७३. रॅकच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा हा डबा अनेक वर्षं दोनशे डॉलरच्या आसपास मिळत आलेला. मुंबईतल्या एका रेकॉर्डिस्ट मित्रानं त्याच्याकडचा काही दिवस वापरायला दिला. तिसरा, रीपरबरोबरच येणारा रीकॉम्प हा प्लगइन, ज्याला वेगळा पैसा लागत नाही.

ड्रम्स लावण्याआधी मी एक साधी मोजणी केली. १००० हर्ट्झचा सरळ सूर घेतला आणि मध्येच त्याची पातळी १० डेसिबलनं वर नेऊन पुन्हा खाली आणली. हा सूर प्रत्येक कॉम्प्रेसरमधून काढून परत रेकॉर्ड केला आणि पडद्यावर त्याची आकृती मोठी करून पाहिली. पातळी वाढल्यावर आवाज खाली यायला लागलेला वेळ म्हणजे अटॅक, पुन्हा पूर्ववत व्हायला लागलेला वेळ म्हणजे रिलीज. ही मोजणी कुणालाही घरी करता येते, आणि जाहिरातीतल्या विशेषणांपेक्षा ती जास्त सांगते. जुन्या रॅकवर अटॅकचं बटण अर्ध्या फेऱ्यापर्यंत फिरवलं तरी आकृती हलत नव्हती. त्याच्या दोन चॅनलांचं आवरणंही सारखं नव्हतं, त्यामुळे ओव्हरहेड माइकांमधली झांज प्रत्येक ठोक्याला एका बाजूला सरकल्यासारखी ऐकू यायची. तो तिथेच बाद झाला. आरएनसीचा अटॅक ०.२ ते २०० मिलिसेकंद आणि रिलीज ५० मिलिसेकंदांपासून ५ सेकंदांपर्यंत आहे, आणि बटण फिरवलं तशी आकृती बदलत होती. रीकॉम्पनंही आकड्याप्रमाणे काम केलं.

मग खरे ड्रम्स. रेशो ४:१ ठेवला आणि स्नेअर साधारण ६ डेसिबलनं आवरला जाईल असा थ्रेशोल्ड लावला. अटॅक १ मिलिसेकंदावर असताना काठीचा फटका चिरडला गेला आणि स्नेअर भिंतीमागे गेल्यासारखा झाला. २५-३० मिलिसेकंदांवर नेल्याबरोबर फटका पुरा निसटून पुढे आला आणि त्यामागचा देहाचा आवाज तेवढा आवरला गेला. ठोका आता छातीवर येत होता. रिलीजसाठी मी लयीचा हिशोब धरला. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा भाग १२५ चा. रिलीज १०० च्या आसपास ठेवला की पुढचा हलका ठोका यायच्या आत यंत्र मोकळं होतं, स्नेअरच्या तारांची सळसळ वर येते आणि वादकाच्या हातातले बारकावे टिकतात. उलट, रिलीज अर्ध्या सेकंदावर नेला की मधले नाजूक ठोके मोठ्या ठोक्याच्या सावलीत बुडतात. किकला आणखी एक पथ्य असतं. ५० हर्ट्झच्या खर्जाचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं. अटॅक आणि रिलीज दोन्ही फार जलद ठेवले तर यंत्र ठोका सोडून लाटेलाच आवरायला लागतं आणि आवाज फाटतो.

या सगळ्या ऐकण्यात एक नियम मी कसोशीनं पाळला. मेकअप गेन, म्हणजे आवरल्यानं घटलेली पातळी भरून काढणारी वाढ, लावून झाल्यावर प्रत्येक नमुना कानाला सारखाच मोठा वाटेल अशा पातळीवर आणला आणि ड्रमरला नावं न सांगता ऐकवला. जरासा मोठा आवाज माणसाला नेहमीच जास्त चांगला वाटतो; ती फट बुजवल्याशिवाय केलेली तुलना व्यर्थ आहे.

सगळ्यात मोलाचा निर्वाळा मिळाला तो ढोलकीवाल्या काकांकडून. उजव्या हाताचे कडक बोल आणि डाव्या हाताचा मिंडेनं वर-खाली होणारा घुमारा, अशी दोन निराळ्या वेगांची कामं ढोलकीत एकाच वेळी चालतात. जलद अटॅकवरचा नमुना ऐकून काका म्हणाले, “पोरी, थाप येतेय, पण बोटं हरवलीत.” मी अटॅक लांबवला, रेशो ३:१ वर उतरवला, पुन्हा लावलं. “आता कसं! आता बोटं मोजता येतील.” कॉम्प्रेसर म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, वादकाच्या कानाला फरक कळायला तेवढं लागतही नाही.

निवड इथे पक्की झाली. एकेका माइकसाठी रीकॉम्प. त्यात आवाज ओळखणाऱ्या भागाला हाय-पास फिल्टर लावता येतो, म्हणजे किकच्या खर्जामुळे झांजा दबत नाहीत. आरएनसीला ही सोय हवी असेल तर साइडचेनमध्ये, म्हणजे त्या आवाज ओळखणाऱ्या भागाच्या वाटेत, वेगळा इक्वलायझर जोडावा लागतो. साऱ्या ड्रम्सच्या एकत्रित स्टिरिओ आवाजासाठी मात्र मी आरएनसी घेतला. डॅलसला राहणाऱ्या मामेबहिणीनं सुट्टीला येताना आणून दिला. रेकॉर्डिंग चालू असतानाच त्यातून आवाज काढता येतो, ड्रमरला हेडफोनमध्ये उशीर न होता ऐकू येतो, आणि तो ऐकलेल्या आवाजाला जागून वाजवतो. हा फायदा मला पैशांपेक्षा मोठा वाटला. सोबतचे खर्चही धरावे लागले: अमेरिकी अडॅप्टरसाठी पासोड्या विठोबाजवळून आणलेला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर, चार आखूड केबल, आणि इंटरफेसची त्यासाठी अडकलेली दोन आउटपुट, दोन इनपुट. मिक्समध्ये वापरताना जाण्या-येण्यातला उशीर रीपरमधला रीइन्सर्ट मोजून भरून काढतो.

आता होतकरू मुलं-मुली मला विचारतात की दहा-पंधरा हजारांत ड्रम्ससाठी कुठला कॉम्प्रेसर घ्यावा. मी त्यांना सांगते: आधी ड्रमची हेडं नीट ताणून सुरात लावा, स्नेअरवरचा माइक चांगला घ्या, आणि २४ बिटवर भरपूर जागा ठेवून रेकॉर्ड करा. तिथे आत येतानाच आवाज आवरायची निकड नसते. मग फुकटच्या प्लगइनवर एकच स्नेअर घेऊन अटॅक आणि रिलीज इतके फिरवा की डोळे मिटून २ मिलिसेकंद आणि ३० मिलिसेकंद यांतला फरक सांगता आला पाहिजे. तो सांगता यायला लागला की कुठलंही यंत्र समोर आलं तरी ते घ्यायचं की सोडायचं, हे तुमचं तुम्हालाच कळेल.